थोड्या मोहऱ्यांचा डाव
(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील आंतरवर्गीय बुद्धिबळ स्पर्धेच्या समारोपप्रसंगी दिलेले भाषण)



मराठी माणूस बुद्धिबळ खेळो वा न खेळो, बुद्धिबळाची भाषा तो रोज बोलत असतो. राजकारणात शह-काटशह चालतात, संकटावर मात केली जाते, दुसऱ्याच्या हातचे प्यादे होऊ नये असा उपदेश घरातील वडीलधारी करतात, आणि मालक व कामगार यांची बोलणी अडली की वर्तमानपत्रे ‘जिच निर्माण झाली’ असे छापतात. यांतील ‘जिच’ हा शब्द विशेष बोलका आहे. राजाला शह तर लागलेला नाही, परंतु ज्याची पाळी आहे त्याला नियमात बसणारी एकही चाल उरलेली नाही, अशी पटावरची स्थिती म्हणजे जिच. आजच्या नियमांप्रमाणे असा डाव बरोबरीत सुटतो. समोरच्याकडे वजीर असो, दोन हत्ती असोत, त्याच्या पदरात अर्धाच गुण पडतो.

बुद्धिबळाच्या डावाचा आरंभ सर्वांना प्रिय असतो. बत्तीस मोहरी मांडलेली असतात, डावपेच पाठ केलेले असतात, पाहणारे उत्सुक असतात. मधल्या भागात मारामारी असते, तीही रंगते. परंतु पटावर पाच-सात मोहरी उरली की पाहणारे पांगू लागतात. ‘आता काय, जिंकलाच’ असे म्हणून पालकही डबा उघडण्याच्या तयारीला लागतात. वास्तविक गुणपत्रकावर एक लागायचा की अर्धा, हे बहुधा या पांगलेल्या घटकेतच ठरते. आजच्या या व्याख्यानाचा विषय तोच आहे: मोहरी थोडी उरल्यावर मात कशी होते, ती केव्हा होऊच शकत नाही, आणि बरोबरीचे नियम दुबळ्या बाजूला कोणते हक्क देतात.

या विषयासाठी कोलकात्याइतके योग्य शहर दुसरे नाही. जॉन कॉक्रेन हे स्कॉटिश बॅरिस्टर एकोणिसाव्या शतकात या शहरात वकिली करीत होते, आणि त्या काळच्या उत्तम युरोपीय खेळाडूंत त्यांची गणना होती. 1848च्या सुमारास बंगालच्या ग्रामीण भागातील महेशचंद्र बॅनर्जी या ब्राह्मण खेळाडूशी त्यांची गाठ पडली. पुढे बारा-एक वर्षे दोघांमध्ये शेकडो डाव झाले. त्यांतील अनेक डाव कॉक्रेन यांनी टिपून ठेवले आणि त्यामुळे ते आजही खेळून पाहता येतात. महेशचंद्र देशी पद्धतीच्या खेळावर वाढलेले होते. प्यादी एकेक घर पुढे सरकवावीत, उंटाला बाजूच्या घरातून लांबच्या तिरप्या रेषेवर बसवावे, ही त्यांची रीत. ‘इंडियन डिफेन्स’ या नावाने आज जगभर खेळल्या जाणाऱ्या प्रारंभांच्या नावात त्यांच्या खेळाची आठवण आहे, असे मानले जाते.

देशी पद्धतीवरून युरोपीय पद्धतीवर येताना महेशचंद्रांना केवळ प्याद्याची दोन घरांची चाल किंवा किल्लेकोट शिकावा लागला असे नव्हे. डाव संपतो केव्हा, ही कल्पनाच दोन पद्धतींत निरनिराळी होती. देशी खेळात प्रांतोप्रांतीचे संकेत वेगवेगळे असत. आपल्याकडे एका बाजूचा राजा एकटा उरला की ‘बुर्जी’ झाली असे म्हणत आणि डाव तेथेच थांबे. ती पूर्ण मात धरली जात नसे. त्यामुळे ज्याला खरी मात करायची, त्याला प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे एखादे मोहरे जपून ठेवूनच मात साधावी लागे. प्याद्याने केलेल्या मातेचा मान त्यात वेगळा. युरोपीय पद्धतीत मात्र एकट्या राजालाही पळण्याचा पूर्ण अधिकार असतो आणि त्याला पकडण्याचे कष्ट जिंकणाऱ्यालाच घ्यावे लागतात.

हा फरक का पडला, याचे कारण मोहऱ्यांच्या बळात आहे. अरबी-फारसी शतरंजात वजीर तिरपा एकच घर जाई आणि आजच्या उंटाच्या जागचे मोहरे तिरपी दोन घरे उडी मारी. इतक्या दुबळ्या सैन्याने मोकळ्या पटावर राजा कोंडणे फार कठीण. म्हणून समोरच्याचा राजा एकटा उरला, तरी विजय मानण्याची तेथे सोय होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजीर आणि उंट यांना लांब पल्ला मिळाला. थोड्या मोहऱ्यांनी मात शक्य झाली, तशी ती सवलत अनावश्यक झाली. जिचेचेही तसेच. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये जो दुसऱ्यावर जिच आणील तोच हरला असे धरीत. एकोणिसाव्या शतकात तेथेही ती बरोबरी ठरली. नियम आकाशातून पडत नाहीत. खेळणाऱ्यांनी वाद घालून, अनुभव घेऊन ते घडवलेले असतात, हे विद्यार्थ्यांनी येथे ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष पटाकडे वळू. एकट्या राजावर मात करण्यास सर्वांत सोपे साधन वजीर. पट कोणत्याही स्थितीत असला तरी अचूक खेळाने दहा चालींच्या आत मात होते. आणि गंमत अशी की, मुलांच्या हातून सर्वाधिक जिच होते तीही वजिरानेच. काळा राजा ए8 या कोपऱ्यात आणि पांढरा वजीर बी6 वर आला की ए7, बी7 आणि बी8 ही तिन्ही घरे बंद होतात, राजाला मात्र शह लागत नाही. काळ्याची पाळी, चाल नाही, डाव बरोबरीत. लक्षात ठेवण्याची खूण सोपी आहे. वजिराने राजाचा पाठलाग घोड्याच्या चालीइतके अंतर राखून करावा, राजा कडेला गेला की आपला राजा जवळ आणावा, आणि राजा कोपऱ्यात शिरताच मात्र घोड्याच्या चालीचे ते अंतर कटाक्षाने मोडावे.

हत्तीने मात करण्यास जास्तीत जास्त सोळा चाली लागतात. येथे हत्ती एकटा काही करू शकत नाही. तो एक पट्टी अडवून धरतो, राजा समोर येऊन उभा राहतो, आणि दोन्ही राजे समोरासमोर आले की हत्तीचा शह प्रतिस्पर्ध्याला एक पट्टी मागे ढकलतो. शेवटी काळा राजा ई8 वर, पांढरा राजा ई6 वर आणि हत्ती ए8 वर आला की मात. दोन उंटांनी मात एकोणीस चालींत होते. उंट आणि घोडा यांची जोडी सर्वांत कठीण. तिला तेहतीस चाली लागू शकतात, आणि उंट ज्या रंगाच्या घरांतून फिरतो त्याच रंगाच्या कोपऱ्यात राजाला नेल्याशिवाय ही मात लादता येत नाही.

या कठीणपणाचा दाखला मोठ्या पटावरून मिळतो. 2013 साली जिनिव्हा येथील स्पर्धेत अ‍ॅना उशेनिना आणि ओल्गा गिर्या यांचा डाव झाला. उशेनिना त्या वेळी महिलांच्या विश्वविजेत्या होत्या. त्यांच्याकडे उंट आणि घोडा होता, समोर एकटा राजा होता, आणि तरीही पन्नास चालींच्या नियमामुळे डाव बरोबरीत सुटला. विश्वविजेतीच्या हातूनही हे घडू शकते, एवढे सांगितल्यावर सातवीतल्या मुलाला रागे भरण्यापूर्वी कोणताही पालक क्षणभर थांबेल.

दोन घोड्यांची गोष्ट आणखी विलक्षण आहे. दोन घोडे आणि राजा मिळून एकट्या राजावर मातेची स्थिती पटावर उभी करता येते, पण ती लादता येत नाही. प्रतिस्पर्धी स्वतः चुकला तरच ती घडते. राजाला पूर्ण कोंडले की जिच होते आणि जरा मोकळीक दिली की तो निसटतो. परंतु त्याच राजाजवळ एखादे प्यादे शिल्लक असेल, तर काही स्थितींत मात शक्य होते. राजा कोंडला गेला तरी प्याद्याला चाल असते, म्हणून जिच होत नाही, आणि तेवढ्या अवधीत दुसरा घोडा येऊन पोहोचतो. रशियन रचनाकार ट्रॉइट्स्की यांनी या स्थितींचा सखोल अभ्यास करून प्यादे कोठवर अडवले असता विजय मिळतो, याची रेषा आखून दिली. जवळ काही नसणे तारून नेते आणि थोडेसे असणे घात करते, असा हा पटावरचा उलटा न्याय आहे.

उलट बाजूने पाहावे, तर मोहरी जास्त असूनही विजय नाही अशाही जागा आहेत. पांढऱ्याकडे एच पट्टीवरचे प्यादे आणि पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट आहे, काळ्याचा राजा एच8 या काळ्या घरात जाऊन बसला आहे. उंट त्या कोपऱ्याला कधीच स्पर्श करू शकत नाही. काळा राजा कोपरा सोडीत नाही आणि डाव बरोबरीत जातो. म्हणून जाणता खेळाडू उंट कोणत्या रंगाचा आहे हे शेवटी पाहत नाही. मोहऱ्यांची अदलाबदल करतानाच तो ते पाहून ठेवतो. शेवट माहीत असलेल्यालाच मधला मार्ग नीट निवडता येतो.

आता बरोबरीचे नियम. जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांनुसार जिच झाली की डाव तत्क्षणी संपतो. दोघांपैकी कोणालाही कोणत्याही मार्गाने मात करता येणार नाही अशी मृत स्थिती आली, म्हणजे राजा विरुद्ध राजा किंवा राजा आणि एकटा उंट अथवा घोडा विरुद्ध राजा, तरीही डाव तेथेच संपतो. दोघांच्या संमतीने बरोबरी होते. याखेरीज दोन बरोबऱ्या अशा आहेत, की त्या मागाव्या लागतात. एकच स्थिती, त्याच खेळाडूची पाळी असताना आणि त्याच चाली उपलब्ध असताना, तीनदा आली, तर बरोबरी मागता येते. या तीन वेळा लागोपाठ असाव्या लागत नाहीत. तसेच दोन्ही बाजूंच्या सलग पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादे हलले नाही आणि एकही मोहरे मारले गेले नाही, तरी बरोबरी मागता येते. मागणी कोणीच केली नाही, तर पाचव्यांदा स्थिती आल्यावर किंवा पंचाहत्तर चाली झाल्यावर पंच स्वतः डाव थांबवतात. हा भाग 2014 पासूनचा आहे.

मागण्याचीही रीत आहे, आणि ती न कळल्यामुळे मुलांचे हक्क हातचे जातात. ज्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार आहे, ती चाल पटावर करायची नाही. ती आधी नोंदपत्रिकेवर लिहायची, घड्याळ थांबवायचे आणि पंचांना बोलवायचे. मोहऱ्याला हात लागला की त्या चालीपुरता मागणीचा हक्क संपला. मागणी चुकीची ठरली तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात. म्हणून चाली स्वच्छ अक्षरात लिहिण्याचा जो आग्रह शिक्षक धरतात, तो केवळ शिस्तीसाठी नाही. नोंदपत्रिका हा त्या मुलाचा पुरावा असतो. पुरावा नसेल तर पन्नास चाली झाल्या की पंचेचाळीस, हे कोण ठरवणार?

घड्याळाचा नियम पालकांना सर्वाधिक अन्यायकारक वाटतो. ‘माझ्या मुलाकडे हत्ती होता, समोर नुसता घोडा होता, तरी वेळ संपला म्हणून तो हरला कसा?’ हा प्रश्न शालेय स्पर्धांत वारंवार ऐकू येतो. नियम असा की, वेळ संपलेला खेळाडू हरतो. मात्र समोरच्याला नियमांत बसणाऱ्या कोणत्याही चालींनी मात करणे अशक्य असेल तर डाव बरोबरीत सुटतो. काळा राजा एच8 वर, त्याचाच हत्ती जी8 वर, पांढरा राजा एच6 वर आणि पांढरा घोडा एफ7 वर असे मांडून पाहावे. ती मात आहे. राजाच्या वाटेत त्याचाच हत्ती आला आहे. कितीही अशक्यप्राय वाटली, तरी अशी मात संभवते, म्हणून बरोबरी मिळत नाही. नियम कठोर आहे, पण तो सर्वांना सारखाच आहे.

पन्नास चालींची मर्यादा जुनी आहे. स्पेनमधील रुय लोपेझ या धर्मोपदेशकाने 1561 च्या आपल्या ग्रंथात ती सांगितली होती. विसाव्या शतकात संगणकाने दाखवून दिले की, काही थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींत विजयाला पन्नासहून अधिक चाली लागतात. तेव्हा काही स्थितींसाठी ही मर्यादा वाढवण्यात आली. 1989 साली बेलग्रेड येथे निकोलिच आणि आर्सोविच यांचा डाव 269 चाली चालला, तो याच काळात. हत्ती आणि उंट विरुद्ध हत्ती अशा त्या शेवटासाठी मर्यादा तेव्हा शंभर चालींची होती. वीस तासांहून अधिक वेळ खेळून तो डाव बरोबरीतच सुटला! 1992 मध्ये सर्व स्थितींसाठी पुन्हा पन्नास चालींचाच नियम करण्यात आला. यात व्यवहाराचे शहाणपण आहे. उंट आणि घोड्याच्या मातेला तेहतीस चाली लागतात, म्हणजे चुकण्यासाठी, भांबावण्यासाठी आणि पुन्हा वाट शोधण्यासाठी सतरा चाली राखून ठेवलेल्या आहेत. ज्याला येते त्याला हा अवधी पुरेसा आहे. ज्याला येत नाही त्याने समोरच्याला अनंत काळ पळवीत ठेवू नये, एवढेच नियम सांगतो.

बरोबरीकडे आपण उगाच कमीपणाने पाहतो. भारताची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा 1955 साली एलुरू येथे झाली, तेव्हा रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली वासंती खाडिलकर यांनी जिंकली आणि पुढे त्या तिघी भगिनींनी महाराष्ट्राचे नाव गाजवले. विश्वनाथन आनंद यांच्यानंतर देशाचे दुसरे ग्रँडमास्टर 1991 मध्ये कोलकात्याचे दिव्येंदू बरुआ झाले, तर तिसरे 1997 मध्ये मुंबईचे प्रवीण ठिपसे. 2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या अंतिम लढतीत कोनेरू हंपी यांच्याविरुद्धचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, जलद डावांतील पहिलाही बरोबरीत सुटला, आणि त्यानंतरचा डाव दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. तीन बरोबऱ्या पचवल्या, म्हणून चौथा डाव खेळण्याची संधी आली.

पालकांशी एक गोष्ट स्पष्ट बोलणे अगत्याचे आहे. बुद्धिबळाच्या शिकवणीला मूल जाऊ लागले की महिनाभरात ते किती प्रारंभ शिकले, याची चौकशी सुरू होते. पंधरा-वीस चाली धडाधड खेळून दाखवणारे मूल पाहुण्यांसमोर शोभते. हत्तीने मात करता येणारे मूल तितके शोभत नाही. परंतु माजी विश्वविजेते कापाब्लांका यांनी 1921 साली नवोदितांसाठी पुस्तक लिहिले, तेव्हा आरंभीच्याच पानांत हत्तीची, दोन उंटांची आणि वजिराची मात शिकवली. पटावर मोहरी थोडी असतात तेव्हा प्रत्येकाचे सामर्थ्य आणि मर्यादा मुलाला नीट दिसतात. गर्दीत ती झाकली जातात. आणि पाठांतर येथे फारसे कामी येत नाही, मुलाला विचारच करावा लागतो. घरी दर रविवारी अर्धा तास काढून एक हत्ती आणि दोन राजे एवढेच पटावर मांडावेत, आई-वडिलांनी एकटा राजा घेऊन पळावे, आणि मुलाने त्यांना कोंडावे. खर्च काही नाही, आणि बुद्धिबळ न येणाऱ्या आजीलाही एकटा राजा चालवता येतो.

त्याचप्रमाणे हरत आलेल्या मुलाला ‘सोडून दे’ असे खुणेनेही सुचवू नये. त्याच्याजवळ एकटा राजा असला, तरी जिचेची आशा, पन्नास चालींची मर्यादा आणि पुनरावृत्तीचा हक्क ही तीन शस्त्रे त्याच्या हाती आहेत. ती त्याला कोणी दयेने दिलेली नाहीत, नियमाने दिलेली आहेत. आणि जिंकत आलेल्याच्या हातून जिच झाली, तर घरी जाताना त्याला बोल न लावता तीच स्थिती पुन्हा पटावर मांडावी. वजीर बी6 ऐवजी कोठे ठेवायला हवा होता, हे त्यालाच शोधू द्यावे. एकदा शोधले की ते घर तो जन्मात विसरणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी अखेरची गोष्ट राजाची. डावाच्या आरंभी राजा प्याद्यांच्या आड लपलेला असतो आणि लपणेच त्याला योग्य असते. मोहरी थोडी उरली की तोच राजा पटाच्या मध्यभागी चालत येतो, हत्तीला साथ देतो, प्याद्याचा हात धरून त्याला शेवटच्या घरापर्यंत पोहोचवतो. काळा राजा ई8 वर, पांढरे प्यादे ई7 वर आणि पांढरा राजा ई6 वर असताना काळ्याची पाळी असली, तर ती जिच. त्याच ठिकाणी पांढरा राजा आपल्या प्याद्याच्या मागे न राहता आधीच पुढे चालत गेला असता, तर प्याद्याचा वजीर झाला असता. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, थोड्या घरांच्या बळावर मराठी शाळा चालवणाऱ्यांना ही चाल समजावून सांगण्याची गरज नाही. मोहरी थोडी असतात तेव्हा कोणालाही मागे बसून राहता येत नाही.

आजच्या स्पर्धेतील विजेत्यांचे अभिनंदन. ज्यांचे डाव बरोबरीत सुटले, त्यांनी आपल्या नोंदपत्रिका जपून ठेवाव्यात आणि सोमवारी ग्रंथालयातील पटावर त्यांचे शेवट पुन्हा मांडावेत. पट आणि मोहरी तेथे ठेवलेली असतील.